मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकांवरील संथ जोडण्या आणि इंडेक्सचा उपाय : एक चिकित्सा

प्रास्ताविक

दोन किंवा अधिक सारण्यांतील नोंदी समान मूल्याच्या आधारे एकत्र आणणे, म्हणजेच जोडणी अथवा जॉइन, ही रिलेशनल डेटाबेसमधील मूलभूत क्रिया होय. व्यापारी संस्थेच्या संगणकावर ती दिवसभर अखंड चालू असते. बिल छापताना बिलाची सारणी ग्राहकाच्या सारणीशी जोडली जाते, शिल्लक माल पाहताना वस्तूंची सारणी गोदामाच्या सारणीशी जोडली जाते. ही जोडणी संथ झाली की सर्वत्र एकच उपाय सुचविला जातो : ‘इंडेक्स तयार करा’. हा उपाय चुकीचा नाही आणि बहुतेक वेळा त्याचा गुणही येतो. तथापि इंडेक्स करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा आणि त्याचा भार कोणी वाहावयाचा, हे प्रश्न त्या सल्ल्यात अनुच्चारित राहतात. प्रस्तुत लेखात आयबीएमच्या एएस/४०० या मध्यम श्रेणीच्या संगणकाच्या व त्याच्या वारसदारांच्या संदर्भात या सल्ल्याची चिकित्सा केली आहे.

हाच संगणक निवडण्यास कारण आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे विकसित झालेली सिस्टिम/३८ ही प्रणाली १९७८ मध्ये जाहीर झाली व तिचा वारसा घेऊन जून १९८८ मध्ये एएस/४०० बाजारात आला. पुढे आयसिरीज (२०००), सिस्टिम आय (२००६) अशी नावे बदलत २००८ पासून त्याची कार्यप्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने पॉवर संगणकांवर चालते. इतर संगणकांवर डेटाबेस हे वेगळे विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर असते, येथे ते कार्यप्रणालीचेच अंग आहे. त्यामुळे स्वतंत्र डेटाबेस प्रशासक न नेमताही मध्यम आकाराचा कारखाना किंवा घाऊक व्यापारी आपला व्यवहार चालवू शकतो, ही या यंत्राची ख्याती झाली. ती बऱ्याच अंशी यथार्थही आहे. परंतु प्रशासक नाही म्हणून प्रशासकाने घ्यावयाचे निर्णय संपुष्टात येत नाहीत. ते दुसऱ्या कोणाकडे तरी जातात, आणि इंडेक्सचा निर्णय असाच वाऱ्यावर सुटलेला निर्णय आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

इंडेक्सला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न केवळ भाषिक नाही. ‘निर्देशांक’ हा शब्द महागाईने व शेअर बाजाराने केव्हाच आपलासा केला आहे. ‘अनुक्रमणिका’ हा प्रतिशब्द काही ठिकाणी योजला जातो, पण तो दिशाभूल करणारा आहे. अनुक्रमणिका ग्रंथाच्या क्रमाने चालते. इंडेक्सचे सारे प्रयोजनच मूळ क्रमाहून वेगळा क्रम देण्यात आहे. ग्रंथाच्या अखेरीस येणारी ‘सूची’ ही त्याची खरी बहीण. शं. ग. दाते यांनी आपल्या कार्याला ‘मराठी ग्रंथसूची’ असे नाव दिले, ते या दृष्टीने नेमके आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयातील कार्डांचे कपाट ज्यांनी वापरले आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते : एक पुस्तक दाखल झाले की लेखक, शीर्षक व विषय अशी निदान तीन कार्डे लिहावी लागतात. वाचकाचा शोध जितका सुकर, तितके ग्रंथपालाचे काम अधिक. प्रस्तुत विवेचनात ‘इंडेक्स’ हाच रूढ शब्द वापरला असला, तरी हे कपाट दृष्टीसमोर असावे.

पाठ्यपुस्तकी गणित आणि त्याची मर्यादा

इंडेक्सचे महत्त्व सांगताना एक गुणाकार नेहमी दिला जातो. समजा, बिलांच्या सारणीत १० हजार नोंदी आहेत व बिलांतील बाबींच्या सारणीत ५ लाख. इंडेक्स नसेल तर प्रत्येक बिलासाठी पाचही लाख बाबी तपासाव्या लागतील, म्हणजे ५०० कोटी तुलना. इंडेक्स असेल तर प्रत्येक बिलासाठी झाडाच्या मोजक्या पायऱ्या उतरल्या की काम झाले. गुणाकार अचूक आहे, मात्र कोणताही शहाणा ऑप्टिमायझर तो प्रत्यक्षात होऊ देत नाही. बिलाच्या क्रमांकावरून स्मृतीत एक हॅश टेबल तात्पुरते बांधून प्रत्येक सारणी एकदाच वाचली, तर एकूण ५ लाख १० हजार नोंदी वाचून जोडणी पूर्ण होते. म्हणजे इंडेक्सची खरी स्पर्धा ५०० कोटींशी नसून ५ लाख १० हजारांशी आहे.

आता या स्पर्धेत इंडेक्स केव्हा जिंकतो? एका बिलात सरासरी ५० बाबी येतात. आजची २० बिले हवी असतील आणि तीही बिलांच्या इंडेक्सवरून थेट सापडत असतील, तर बाबींच्या इंडेक्समध्ये २० शोध आणि सुमारे १ हजार बाबींचे वाचन पुरते. येथे इंडेक्सला तोड नाही. पण वर्षाचा अहवाल काढावयाचा असून दहाही हजार बिले हवी असतील, तर इंडेक्सवाटेही अखेर पाचही लाख बाबी वाचाव्याच लागतात, आणि त्याही डिस्कवर जेथे असतील तेथून विखुरलेल्या क्रमाने. सलग वाचन त्यापेक्षा स्वस्त पडते. अशा वेळी इंडेक्स उपलब्ध असूनही ऑप्टिमायझर त्याकडे पाठ फिरवितो, आणि ‘इंडेक्स केला तरी यंत्र तो वापरत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. यंत्राचे येथे काही चुकलेले नसते. अनेक प्रवेशमार्गांतून खर्चाच्या अंदाजाने एक निवडणे ही कल्पना पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पाच्या आधारे मांडली. आज जे जे ऑप्टिमायझर चालतात, ते बहुतांशी तिचेच वंशज आहेत.

इंडेक्सच्या अंतर्रचनेचा येथे ओझरता उल्लेख पुरे. पाठ्यपुस्तके बायर व मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास मांडलेला बी-ट्री शिकवितात. या यंत्रावर मात्र बायनरी रॅडिक्स ट्री वापरला जातो, ज्यात किल्ल्यांचा समान आरंभीचा भाग एकदाच साठविला जातो. त्याशिवाय एनकोडेड व्हेक्टर इंडेक्स हा दुसरा प्रकार आहे. मोजकीच भिन्न मूल्ये असलेल्या रकान्यांवर निवड करण्यास तो उपयुक्त आहे. जोडणीतील प्रत्येक किल्लीसाठी झाड उतरण्याचे काम त्याचे नव्हे.

लॉजिकल फाइलचा वारसा

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले तेव्हा त्यांनी प्रचलित प्रणालींतील तीन परावलंबित्वांवर बोट ठेवले होते : नोंदींच्या क्रमावरील, इंडेक्सवरील आणि प्रवेशमार्गावरील. इंडेक्स आज आहे, उद्या नाही. त्याच्या असण्यानसण्याने वापरकर्त्याचा प्रोग्राम बिघडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. एएस/४०० वर मात्र दोन परंपरा एकाच घरात नांदल्या. एका बाजूला एसक्यूएल ही कॉड यांच्या विचारातून उगम पावलेली भाषा, आणि दुसऱ्या बाजूला आरपीजी या भाषेतील प्रोग्राम, जे ‘लॉजिकल फाइल’ नावानिशी उघडतात व तिच्या किल्लीच्या क्रमाने एकेक नोंद वाचतात. लॉजिकल फाइल ही दृश्य आणि इंडेक्स यांचे संमिश्र रूप आहे. आरपीजी प्रोग्राममध्ये जोडणी करावयाची म्हणजे एक फाइल क्रमाने वाचावयाची व तिच्यातील किल्ली घेऊन दुसऱ्या फाइलवर ‘चेन’ ही आज्ञा चालवावयाची. ऑप्टिमायझरचे काम येथे प्रोग्रामर स्वतःच करतो. कोणती सारणी आधी, कोणती नंतर, हे त्याने लिहिले तेच कायम.

या पद्धतीची निंदा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. तीत वेळेचा अंदाज पक्का असे. काल जे प्रोग्रामने केले तेच तो आज करी. दोष निराळ्या ठिकाणी होता. प्रत्येक नवा अहवाल म्हणजे एक नवी लॉजिकल फाइल, अशी वहिवाट पडली. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने आपल्यापुरता मार्ग खोदला. त्या मार्गाची निगा मात्र त्याच सारणीत नोंदी भरणाऱ्या प्रत्येकाच्या माथी आली. वीस प्रवेशमार्ग असलेल्या सारणीत एक नोंद दाखल झाली, की एरवी वीसही झाडांत किल्ली घालावी लागते. अहवाल महिन्यातून एकदा निघतो, आणि काउंटरवरील लिपिक दर बिलाला त्याची किंमत मोजतो. कोणत्याही हिशेबात ही किंमत दिसत नाही. निगा लांबणीवर टाकण्याचे किंवा फाइल उघडताना मार्ग नव्याने बांधण्याचे पर्याय लॉजिकल फाइलला दिलेले होते, यावरून रचनाकारांना त्या भाराची जाणीव होती हे दिसते.

या वारशाचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. २००२ मध्ये व्हर्जन ५ रिलीज २ बरोबर एसक्यूएलसाठी नवे क्वेरी इंजिन आले. ते जुन्याहून अधिक सक्षम होते, पण आरंभी सर्व क्वेरी त्याच्याकडे जात नसत. सारणीवर काही नोंदी निवडणारी वा वगळणारी, म्हणजे सिलेक्ट-ओमिट प्रकारची, किल्लीसह लॉजिकल फाइल असली, तर त्या सारणीवरची क्वेरी जुन्या इंजिनाकडे परत पाठविली जाई, मग ती लॉजिकल फाइल क्वेरीत उल्लेखिलेली असो वा नसो. अशा इंडेक्सकडे दुर्लक्ष करण्याची मुभा देणारा पर्याय उपलब्ध होता. परंतु तो मूळ अवस्थेत बंद असे, आणि २००८ च्या ६.१ या आवृत्तीपासून तो मूळ अवस्थेतच चालू झाला. म्हणजे मधली काही वर्षे कित्येक संस्थांत परिस्थिती अशी असणार, की कोण्या एकाने फार पूर्वी आपल्या अहवालासाठी केलेली फाइल इतरांच्या जोडण्यांना नव्या इंजिनापासून वंचित ठेवीत होती. ती फाइल काढावी, तर तिला नावाने उघडणारे प्रोग्राम थांबतात. कॉड यांनी वर्तविलेले परावलंबित्व याहून ठसठशीत रूपात क्वचितच आढळेल.

सल्लागार यंत्राचा सल्ला

२००६ च्या व्हर्जन ५ रिलीज ४ पासून या प्रणालीत संपूर्ण यंत्रासाठी ‘इंडेक्स ॲडव्हायझर’ आला. चाललेल्या क्वेरींवरून कोणत्या सारणीवर कोणत्या रकान्यांचा इंडेक्स उपयोगी पडला असता, हे तो नोंदवून ठेवतो. सल्ला किती वेळा दिला गेला, याचीही नोंद राहते. प्रशासक नसलेल्या संस्थेला हे वरदानच वाटावे. परंतु या सल्लागाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. तो एका क्वेरीकडे पाहून बोलतो. त्या सारणीत दर तासाला किती नोंदी पडतात, याचा विचार त्याच्या सल्ल्यात नसतो. वैद्याने एकेका लक्षणावर एकेक औषध लिहून द्यावे आणि रोग्याने सगळी औषधे एकदम घ्यावीत, असा प्रकार सल्ला जसाच्या तसा अमलात आणणाऱ्या संस्थेत घडतो.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, ४० हजार ग्राहक आहेत व २० लाख ऑर्डरी. म्हणजे दर ग्राहकामागे सरासरी ५० ऑर्डरी. त्यांपैकी ८ हजार ऑर्डरी प्रलंबित आहेत. एका शहरातील ४०० ग्राहकांच्या प्रलंबित ऑर्डरी हव्या आहेत. ऑर्डरींच्या सारणीवर केवळ ग्राहक क्रमांकाचा इंडेक्स असेल, तर त्या ४०० ग्राहकांच्या २० हजार ऑर्डरी वाचून त्यांतून सुमारे ८० निवडाव्या लागतील. केवळ स्थितीचा इंडेक्स असेल, तर ८ हजार प्रलंबित ऑर्डरी वाचून प्रत्येकीसाठी ग्राहक शोधावा लागेल. ग्राहक क्रमांक आणि स्थिती या दोहोंचा संयुक्त इंडेक्स असेल, तर ४०० शोधांत नेमक्या त्या ८० ऑर्डरी हाती येतात. जोडणीचा रकाना आणि निवडीचा रकाना एकाच इंडेक्समध्ये हवेत, हे तत्त्व येथे लागू पडते. केवळ जोडणीच्या रकान्यावर इंडेक्स करून थांबणाऱ्यांचा निम्मा लाभ येथेच हातचा जातो.

पण दोहोंत आधी कोणता? दोन्ही अटी समानतेच्या असल्यामुळे या एका क्वेरीपुरता क्रम कोणताही चालतो. सल्ल्याच्या नोंदीतही कोणत्या रकान्यांचा क्रम बदलता येईल हे दर्शविलेले असते. निवड करावयाची ती इतर क्वेरी पाहून. ‘ग्राहक क्रमांक, स्थिती’ असा क्रम ठेवला, तर ग्राहकाच्या सर्व ऑर्डरी मागणाऱ्या क्वेरीलाही तोच इंडेक्स पुरतो आणि जुना केवळ ग्राहक क्रमांकाचा इंडेक्स काढून टाकता येतो. संख्या वाढत नाही, निगा वाढत नाही. ‘स्थिती, ग्राहक क्रमांक’ ठेवला, तर जुना इंडेक्स राहतो आणि वर एक नवा येतो. पुढील आवृत्त्यांत परस्परांशी जुळणारे सल्ले एकत्र करून दाखविण्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. तरी अस्तित्वात असलेला कोणता इंडेक्स निवृत्त करावा, हे माणसालाच ठरवावे लागते. तिसरी अट तारखेच्या मर्यादेची असेल, तर तारीख शेवटी हवी. ती आरंभी ठेवली की त्या कालखंडातील सर्व ग्राहकांच्या किल्ल्या चाळाव्या लागतात आणि पुढील रकान्यांनी शोध आखडत नाही.

सल्लागार ज्याविषयी फारसे बोलत नाही असे एक कारण म्हणजे रकान्यांची विजोडता. जुन्या फाइलींत ग्राहक क्रमांक एके ठिकाणी अंकरूपात तर दुसरीकडे अक्षररूपात ठेवलेला आढळतो. जोडताना एका बाजूचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरित मूल्यासाठी मूळ रकान्यावरचा इंडेक्स सहसा कामी येत नाही. ६.१ पासून पदावलीवर इंडेक्स करता येऊ लागला, हा दिलासा खरा. परंतु दोन सारण्यांत एकाच गोष्टीची दोन रूपे ठेवण्याची मूळ चूक त्याने दुरुस्त होत नाही.

तात्पुरता इंडेक्स आणि अदृश्य उपयोग

व्हर्जन ५ रिलीज ४ नेच आणखी एक गोष्ट आणली. वारंवार गरज भासत आहे असे दिसल्यास यंत्र स्वतःच एक तात्पुरता इंडेक्स बांधते व सारणीतील बदलांनुसार तो अद्ययावतही ठेवते. क्वेरी झपाट्याने चालू लागतात आणि काही दुरुस्त करावयाचे होते हेच विसरले जाते. हा इंडेक्स यंत्र पुन्हा सुरू केल्यावर राहत नाही. रविवारी देखभालीसाठी यंत्र बंद करून चालू केले, की सोमवारी सकाळी त्याच जोडण्या संथ भासतात व दुपारपर्यंत पूर्ववत होतात. कारण न कळल्याने दोष नेटवर्कला दिला जाण्याचीच शक्यता अधिक. जो तात्पुरता इंडेक्स यंत्र दर आठवड्याला पुन्हापुन्हा बांधते, तो कायमचा करण्यास सर्वांत योग्य उमेदवार होय. सल्ल्याच्या यादीतील इतर नोंदींहून या पुराव्याचे वजन अधिक आहे, कारण तेथे यंत्राने केवळ मत दिलेले नसून स्वतः खर्च केलेला आहे.

याउलट, काढून टाकण्याच्या बाबतीत घाई धोक्याची आहे. क्वेरीने इंडेक्स शेवटचा केव्हा वापरला याची तारीख प्रणाली ठेवते. त्याखेरीज ऑप्टिमायझरने केवळ अंदाज बांधण्यासाठी तो केव्हा पाहिला याची तारीख वेगळी ठेवते. पहिल्या तारखेवरून निरुपयोगी ठरविलेला इंडेक्स दुसऱ्या अर्थाने रोज कामाला येत असू शकतो. तो काढला की अंदाज बदलतात, जोडणीतील सारण्यांचा क्रम बदलू शकतो, आणि ज्या क्वेरीचा त्याच्याशी उघड संबंध नव्हता ती मंदावू शकते. शिवाय आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्चमध्ये एकदाच चालणारे हिशेब असतात. ऑक्टोबरात पाहणाऱ्याला त्यांचा इंडेक्स मृतवत दिसेल. आरपीजी प्रोग्राम लॉजिकल फाइल थेट उघडून करीत असलेला वापर तर क्वेरीच्या या तारखांत येतच नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

पुणे व मुंबई येथील सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या अशा प्रणालींची देखभाल होते, आणि आपले विद्यार्थी त्या कामावर रुजू होतात. अभ्यासक्रमांत नॉर्मलायझेशन व रिलेशनल बीजगणित तपशिलाने शिकविले जाते. इंडेक्सची आज्ञा प्रात्यक्षिकात येते, पण बहुधा काहीशे नोंदींच्या सारणीवर. एवढी सारणी एका वाचनात स्मृतीत मावते. इंडेक्स असो वा नसो, उत्तर त्याच क्षणी येते. विद्यार्थ्याच्या हाती आज्ञेचे व्याकरण लागते, तिचा परिणाम दिसत नाही. काही लाख कृत्रिम नोंदी भरून तीच जोडणी आधी मोजक्या व मग सर्व नोंदींसाठी चालवावी, आणि प्रत्येक नव्या इंडेक्सगणिक एक लाख नोंदी भरण्यास लागणारा वेळही मोजावा, एवढा बदल कोणत्याही मुक्त डेटाबेसवर करता येण्याजोगा आहे. परीक्षेतील ‘जोडणी संथ असल्यास काय कराल?’ या प्रश्नाबरोबर त्या सारणीत रोज किती नोंदी पडतात आणि तिच्यावर आधीपासून किती इंडेक्स आहेत, हे दोन आकडे दिले, तर उत्तरपत्रिकांत फरक पडू लागेल.